वळणावरच्या वडाच्या बाई

कुणाच्या घरी गेल्यावर बाईंनी आधी माणसांची विचारपूस केली, असं मी कधी पाहिलं नाही. उंबऱ्यात पाय ठेवण्याआधी त्या घराला वळसा घालून परसात जायच्या. तिथं त्यांनी दिलेलं झाड असायचं. लिंबाचं, नाहीतर शेवग्याचं, जागा ऐसपैस असली तर जांभळाचं. त्याच्या बुडाची माती चिमटीत चुरून बघायच्या, पानं उलटी करून बघायच्या आणि मग पुढच्या दाराशी येऊन म्हणायच्या, "आता टाका चहा." माती कोरडी निघाली तर चहा न घेताच परत फिरायच्या. गावातल्या प्रत्येक लग्नात बाईंचा आहेर म्हणजे एक रोप, आणि त्या रोपाची सासू म्हणजे बाई स्वतः. नव्या सुना खऱ्या सासूपेक्षा या सासूला जास्त भ्यायच्या.

मी साताऱ्याहून त्या गावात पहिल्या नोकरीला गेले ते दुष्काळाचं वर्ष होतं. आष्ट्याहून सांगलीला जाणाऱ्या रस्त्यावरचं ते गाव. हायस्कुलात मराठी शिकवायचं आणि राहायचं शास्त्राच्या बाईंकडे, असं हेडमास्तरांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. एकट्या बाईमाणसानं एकट्या बाईमाणसाकडे राहावं, एवढाच त्यामागचा विचार. माझा थोरला भाऊ ट्रंक घेऊन सोडायला आला. बाईंनी त्याला ना प्रवासाचं विचारलं, ना घरच्यांचं. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ही आंघोळ किती पाण्यानं करती?"

भाऊ गोंधळला. "दोन बादल्या," मीच म्हणाले.

"एक," बाई म्हणाल्या. "आन् मोरीत न्हाई करायची. परसात पपईच्या आळ्यात पाट टाकलाय, भवतीनं तट्ट्या बांधल्यात. साबण लावायचा न्हाई. डाळीचं पीठ हाय."

निघताना भाऊ माझ्या कानाशी लागून म्हणाला, "जमलं नाही तर तार कर." मी तार केली नाही, पण पहिला महिनाभर तारेचा मजकूर रोज मनात जुळवत होते.

बाई तेव्हा पन्नाशीला टेकल्या असतील. उंच, हाडापेरानं मोठ्या, केस तेल लावून चप्प बसवलेले आणि मागे घट्ट अंबाडा. पायात पुरुषी वहाणा. लग्न केलेलं नव्हतं. का नाही, हे विचारायची गावात कुणाची छाती नव्हती. शाळेत त्या पुस्तकात छापल्यासारखं बोलायच्या आणि शाळेचं फाटक ओलांडलं की पाटण खोऱ्यातली त्यांची बोली सुरू व्हायची. झाडांना शुद्ध मराठी कळत नाही म्हणून बाई असं बोलतात, असं पोरं म्हणायची. झाडांशी त्या खरंच बोलायच्या, पण लाडानं नव्हे. बहुतेक वेळा रागवायच्याच. "शेजारची चिच बघ कुटल्या कुटं गेली, आन् तू अजून हितंच," असं एका रोपाला सुनावताना मी ऐकलं आहे.

गावातून बाहेर पडणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं त्यांनी स्वतःहून आपल्या गळ्यात घालून घेतली होती. जुनी झाडं त्यांनी लावलेली नव्हती, नवी बहुतेक त्यांचीच. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कुणी आभारही मानत नव्हतं. उजाडायच्या सुमाराला त्या फुटकी मडकी घेऊन निघायच्या. मडक्याच्या बुडाला बारीक भोक, भोकात चिंधीची वात, आणि ते मडकं रोपाच्या शेजारी गळ्यापर्यंत पुरायचं. एकदा भरलं की रोप चार-पाच दिवस घोट घोट पाणी पीत राहतं. पद्धत चांगली होती, अडचण मडक्यांची होती. बाई सकाळच्या पारी दारात उभ्या राहून खणखणीत आवाजात विचारायच्या, "फुटकं मडकं हाय का?" आमच्याकडे मडकं तिरडीपुढे धरतात हे सगळ्यांना माहीत आहे. घरात म्हातारं माणूस अंथरुणावर असलं की त्या घरच्या बाया कानावर हात ठेवायच्या. एकीनं तर बाईंच्या मागं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या होत्या. बाईंना त्याचं काहीच वाटलं नाही. म्हणाल्या, "मोहऱ्या वाया घालवल्या. पेरल्या असत्या तर भाजी झाली असती."

दुसरी अडचण शेरडांची. मुलाणी चाचांचा शेळ्यांचा कळप होता आणि त्या कळपाला बाईंनी लावलेली रोपंच गोड लागायची. एकदा बाईंनी एक शेळी धरून आणली आणि शाळेच्या व्हरांड्याच्या खांबाला बांधली. मधल्या सुट्टीत चाचा आले.

"बाई, शेरडाला कायदा कळतोय व्हय?"

"शेरडाला न्हाई कळत. तुमाला कळतोय न्हवं?"

चाचा शेळी सोडून घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून बाभळीच्या काट्या तोडून रोपांभोवती कुंपण घालायला तेच येऊ लागले. दोघांचं भांडण पुढे कायम राहिलं, पण ते काम करता करता चालायचं. मला वाटतं, गावात बाईंचं मन ओळखणारं तेवढं एकच माणूस होतं.

बाईंच्या घरात देव्हारा नव्हता. कोनाड्यात वडिलांचा फोटो होता आणि त्यालाही कधी हार घातलेला मी पाहिला नाही. वडील जुन्या सुधारकी वळणाचे शेतकरी. बाईंच्या धाकट्या बहिणीचं लग्न त्यांनी भटजीवाचून लावलं, आईचं तेरावं घातलं नाही. गावानं वाळीत टाकून पाणी बंद केलं तेव्हा रानात स्वतः विहीर खणली. बाई सांगायच्या, "दादांनी दोनच गोष्टी शिकवल्या. खोटं बोलायचं न्हाई आन् दगडाफुडं वाकायचं न्हाई. बाकीचं समदं मी शाळंत शिकले." दरवर्षी नववीच्या वर्गात त्या एक लिंबू कापून त्यातून लालभडक पाणी काढून दाखवायच्या. मुली किंचाळायच्या. मग सुरीला आधीच काय लावून ठेवलं होतं ते दाखवायच्या आणि प्रत्येक मुलीकडून तो प्रयोग करून घ्यायच्या. "तुमच्या दारात कुणी भगत हे करायला लागला तर त्याला सांगा, हे आम्हाला नववीतच येतं." वर्ग हसायचा. बाई हसायच्या नाहीत. शिकवलेल्या सगळ्यात त्यांना सगळ्यात मोलाचं वाटायचं ते हे.

दुष्काळात सरकारनं रस्त्याचं काम काढलं. सांगलीचा रस्ता रुंद होणार होता. गावची अर्धी माणसं खडी फोडायला बसली. मजुरी मिळत होती, खायला सुकडी मिळत होती, आणि दुसरं काहीच मिळत नव्हतं. रस्ता रुंद करायचा तर कडेची झाडं जाणार. चिंचा गेल्या, लिंब गेले, वडही एकेक करून पडू लागले. बाई एसटीनं सांगलीला जाऊन या कचेरीतून त्या कचेरीत हिंडून आल्या. रस्ता सरकारचा आणि झाडंही सरकारचीच, एवढंच सगळीकडे सांगण्यात आलं. मग त्या कामावरच्या बायकांना समजवायला गेल्या. मी बरोबर होते. त्यातली एक म्हातारी हातोडी खाली न ठेवता म्हणाली, "आवं बाई, झाड ऱ्हाईल. आमी ऱ्हाऊ का?"

बाई तशाच मागे फिरल्या. घरी आल्यावर त्या जेवल्या नाहीत. भांडायला समोर वाईट माणूस लागतो. इथं सगळेच उपाशी होते.

शेवटी गावाबाहेरच्या वळणावरचा वड तेवढा राहिला. फार जुना. त्याच्या पारंब्यांना आणि खालच्या फांद्यांना खडी फोडणाऱ्या बायांनी लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या होत्या आणि त्यांत तान्ही पोरं झोपलेली असायची. उन्हाळ्याचे दिवस, मैलभरात दुसरी सावली उरली नव्हती. त्या वडावरही मुकादमानं खूण केली. बाईंनी त्याला झोळ्या दाखवल्या. "ही पोरं कुटं टांगायची?" मुकादम म्हणाला, "बाई, सोमवारी तोडायचाय. मला वरनं सांगितलंय."

त्या रविवारी भर दुपारी, गाव झोपलं असताना, बाई परसातून आत आल्या. हात ओला, बोटं केशरी. वाटीत काहीतरी कालवलेलं होतं, पण ते पातळ पाण्यासारखं ओघळत होतं. त्यांनी मला विचारलं, "शेंदूर कशात कालवत्यात गं?"

मला आधी कळलंच नाही. आष्ट्याच्या बाजारातून त्यांनी तो आणला होता, गावात घेतला तर बोभाटा होईल म्हणून. जन्मात कधी त्या घरात शेंदूर आला नव्हता, तर तो तेलात कालवायचा की पाण्यात हे त्यांना माहीत असणार कुठून?

"तेलात," मी म्हणाले.

त्यांनी तेलात कालवला. परसातला कपडे धुवायचा काळा गुळगुळीत दगड उचलून पोत्यात घातला. मी एका बाजूनं पोतं धरलं. वडाच्या बुंध्याशी दगड ठेवून बाईंनी त्याला शेंदूर फासला, आणि तो फासताना त्या अख्खा वेळ दुसरीकडे बघत होत्या. घरी आल्यावर कोनाड्यातला दादांचा फोटो काढून त्यांनी ट्रंकेत ठेवला.  पुढचे कित्येक दिवस आम्ही फुटक्या फरशीवर धुणं धुतलं.

सोमवारी कुऱ्हाडी आल्या आणि तशाच परत गेल्या. शेंदूर दिसल्यावर हात लावायला कुणी तयार होईना. मुकादमानंच आधी नारळ फोडला. रस्ता वडाला वळसा घालून पुढे गेला, झोळ्या होत्या तिथंच राहिल्या आणि पावसाळ्यापर्यंत त्या देवाला नावही पडलं: वळणाचा म्हसोबा.

हे इथंच थांबलं असतं तर मी बाईंबद्दल एक गमतीची गोष्ट सांगितली असती. पुढे तीन-चार वर्षांत देव वाढत गेला. उसाच्या गाड्या हाकणारे तिथं उतरून नारळ फोडू लागले. शनिवारी तेल ओतलं जाऊ लागलं आणि ते मुळांत झिरपू लागलं. खोडाला घंटा टांगायला खिळे ठोकले गेले. बाई सकाळी जाऊन खिळे उपटायच्या, शेजारी पडलेली तेलकट माती खरवडून नवी माती घालायच्या. लोकांना वाटायचं, बाई देवाची झाडलोट करतात. "इतकी शिकलेली, पर बघा," असं म्हणायचे. ते ऐकून बाईंचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलं आहे.

मग सुभेदार आले. पलटणीतून पेन्शनवर परतलेला भला माणूस. त्या वळणावर त्यांच्या अंगावर उसाची गाडी उलटली आणि ते खरचटण्यापलीकडे काही न होता उसाखालून बाहेर निघाले. त्यांनी तिथंच नवस बोलला. सिमेंट परमिटवर मिळायच्या त्या दिवसांत त्यांनी कुठून कुठून ते मिळवलं, आणि वडाभोवती छातीइतका उंच पार बांधून त्यावर गुळगुळीत फरशी बसवली. खोडाला अगदी चिकटून, बोटभरसुद्धा माती उघडी न ठेवता. पारंब्या आडव्या येत होत्या म्हणून छाटल्या. वर्षाच्या आत वडाची पानं पिवळी पडू लागली. शेंड्याकडच्या फांद्या वाळल्या.

बाई सुभेदारांकडे गेल्या. आधी परसात जाऊन झाड बघायचंही विसरल्या.

"सुभेदार, बुंध्याभवतीनं हातभर तरी माती उघडी करा. त्याचा श्वास कोंडतोय."

"बाई, आवं म्हसोबाच्या पायाला चिखल? मी असा बंदोबस्त केलाय, की पिढ्यान् पिढ्या बघायला नको. आता वर स्लॅब टाकतोय. फांद्या जरा तोडाव्या लागतील, पर देवाला ऊन-पाऊस न्हाई लागणार."

ते हे इतक्या मायेनं बोलले, की बाईंना रागावताही येईना.

देवळाच्या स्लॅबचा दिवस ठरवायला गाव वडाखाली जमलं तेव्हा बाई उभ्या राहिल्या. संध्याकाळची वेळ. शाळेतल्या आवाजात, छापील मराठीत त्यांनी सांगितलं, "हा देव नाही. हा माझ्या परसातला धुण्याचा दगड आहे. झाड तोडू नये म्हणून त्याला शेंदूर मी लावला. मी तुम्हा सगळ्यांना फसवलं. त्याची शिक्षा मला करा, पण हे सिमेंट काढा. झाड मरतंय."

 आता शिव्या येतील, कदाचित दगडही येतील, असं मला वाटत होतं.  मग ती खडी फोडणारी म्हातारी उठली, बाईंच्या समोर आली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"एवड्या गावात त्यानं तुमच्याच हातनं बसवून घेतलं, बाई. आमच्या हातनं न्हाई. लय पुण्य तुमचं."

एकीनं बाईंच्या कपाळाला कुंकू लावलं. सुभेदारांनी हात जोडले. बाई मागे सरकत होत्या आणि बाया पुढे येत होत्या. खरं सांगून माणूस इतका हरलेला मी दुसऱ्यांदा पाहिला नाही.

स्लॅबचा दिवस ठरला तो ठरलाच. बाई रोज सकाळी वडाकडे जाऊन फरशीला तळहात लावून बसायच्या. चाचा काट्या तोडायचं सोडून शेजारी उकिडवे बसायचे. "बाई, पहार आणू का? आपण दोगं फोडू," ते एकदा म्हणाले. बाई म्हणाल्या, "न्हाई चाचा. तुमी हात लावायचा न्हाई. तुमाला ते महागात पडंल." चाचांनी मान खाली घातली. त्यांना ते माहीतच होतं.

स्लॅबच्या दिवशी सकाळी सेंटरिंगच्या फळ्या लागल्या होत्या. दोन माणसं कुऱ्हाडी घेऊन झाडावर चढली होती. ढोल वाजत होता, बाया आरतीची ताटं घेऊन आल्या होत्या. बाई नेहमीच्या पांढऱ्या लुगड्यात, चप्प अंबाडा घातलेल्या, माझ्या शेजारी उभ्या होत्या.  

मग त्यांनी अंबाड्यातले आकडे काढले. एकेक करून, सावकाश, आणि माझ्या हातात दिले. केस मोकळे सुटले. ते इतके पांढरे झाले आहेत हे मला तेव्हा कळलं. आणि त्या घुमू लागल्या.

त्यांच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो मी आजही ऐकू शकते. ढोल थांबला. बाया मागे सरल्या. म्हातारीनं पुढे येऊन, रीतीप्रमाणे, विचारलं, "कोन हाईस बाबा? बोल."

"ज्याच्या उरावर फरशी घातलीसा, त्यो!" बाई ओरडल्या. "जीव गुदमारतोय माजा. काढा ही. पायाला माती पायजे मला. माज्या जटा कुणी छाटल्या? कुणी छाटल्या सांगा! डोक्यावर छप्पर कुणाला इचारून घालतायसा? माजं छप्पर हाय मला. त्याला कुऱ्हाड लावली तर एकाचं घर नांदू देणार न्हाई."

झाडावरची माणसं उड्या मारून खाली आली. सुभेदारांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते देवापुढे आडवे झाले, उठले, आणि त्यांनी स्वतः पहार उचलली. पहिला घाव त्यांनीच घातला. आपल्या हातानं बसवलेली फरशी तो माणूस रडत रडत फोडत होता.

मी बाईंना सावरायला धावले. त्यांनी माझं मनगट पकडलं. केस तोंडावर आले होते, त्यांच्या आडून अगदी हळू, आपल्या नेहमीच्या आवाजात त्यांनी विचारलं, "फोडाय लागले का?"

"लागलेत," मी म्हणाले.

"समदी फोडू दे. मी थांबले तर थांबतील."

आणि त्या घुमत राहिल्या. ऊन डोक्यावर आलं. आवाज फाटला, तरी थांबल्या नाहीत. मला रडू आवरत नव्हतं. लोकांना वाटलं भक्तीनं रडते आहे. फरशी निघाली, सिमेंट निघालं, खालचे दगड निघाले. शेवटी चाचा गर्दीच्या कडेनं पुढे आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बास आता, बाई. माती दिसली." तेव्हा बाई खाली कोसळल्या. ते कोसळणं मात्र खरं होतं.

झाड वाचलं. पावसाळ्यात त्याला नवी पालवी आली, छाटलेल्या जागी पुन्हा पारंब्या फुटल्या. त्याच्या बुडाला त्यानंतर कुणी सिमेंट लावलं नाही.

पण बाईंच्या दारात माणसं येऊ लागली. अमावास्येला अंगण भरायचं. कुणाला मूल होत नव्हतं, कुणाचा नवरा परागंदा झाला होता, कुणाची म्हैस आटली होती. बाई दार उघडून सांगायच्या, "मी सोंग केलं होतं. ऐका माझं. सोंग होतं ते." लोक समजूतदारपणे माना हलवायचे. देवाला उघड झालेलं आवडत नाही, हे त्यांना बाईंपेक्षा जास्त कळत होतं. त्या वर्षी नववीत बाईंनी नेहमीचं लिंबू कापलं. लाल पाणी आलं. वर्गात एकही मुलगी हसली नाही. त्यांनी सुरी दाखवली, सुरीला काय लावलं ते दाखवलं, "आता तू कर," म्हणून पहिल्या बाकावरच्या मुलीपुढे लिंबू धरलं. मुलीनं हात जोडले आणि ती रडायला लागली.

त्याच दिवशी बाईंनी राजीनामा दिला. बहीण माधवनगरला होती, मेहुणे तिथल्या गिरणीत होते. त्यांच्याकडे जायचं ठरलं. मी खूप विनवलं. "पोरींफुडं कुटल्या तोंडानं उभी राहू?" त्या म्हणाल्या. "झाडासाठी केलं, त्याचं मला वाईट न्हाई वाटत. पुन्ना वेळ आली तर पुन्ना करीन. पर आता मी खरं बोलले तरी कुणाला ऐकू येत न्हाई."

सांगलीची एसटी वळणावरच थांबायची, वडाखाली. मी आणि चाचा सोडायला गेलो. सामान फार नव्हतं. गावाला कुठून तरी कळलं होतं आणि बायकांची रांग लागली होती. एकेक येऊन पाया पडत होती. बाई पाय मागे घेऊन घेऊन दमल्या. रांगेत बहुतेक त्यांच्याच हाताखालून शिकून गेलेल्या होत्या. त्यांतल्या काहींच्या लग्नांत मीही जेवले होते.

एक जण पोराला कडेवर घेऊन आली. पोराचे डोळे मिटलेले, ओठ सुकलेले. बाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि लगेच शाळेतल्या आवाजात विचारलं, "केव्हापासून ताप आहे? दवाखान्यात नेलंस का?"

"न्हाई बाई. आदी तुमच्याकडं आले."

"तुला मी काय शिकवलं होतं?"

"समदं ध्यानात हाय, बाई," ती म्हणाली आणि पोराला त्यांच्या पायाशी ठेवून तिनं त्यांच्यापुढे डोकं टेकलं. "फकस्त एकदा हात ठेवा त्याच्यावर. एकदा देवाला बोलू द्या."

आष्ट्याकडून एसटी येताना दिसली. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी डोळे मिटले, पोराच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मान हलवत, त्या दिवशीच्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "आष्ट्याला दवाखान्यात ने त्याला. आत्ताच्या आत्ता. डागतर सांगंल ते समदं औषध दे. म्हसोबा सांगतोय."

ती मुलगी झटकन उठली. चाचांनी समोरून येणारी बैलगाडी थांबवली, पण ती गाडीसाठी थांबलीच नाही. पोराला छातीशी धरून आष्ट्याच्या दिशेनं पळत सुटली. गाडीवाल्यानं बैल पळवून तिला पुढे गाठलं आणि वर घेतलं.

बाई एसटीत चढल्या आणि मागच्या खिडकीशी जाऊन बसल्या. गाडी सांगलीकडे हलली तेव्हा त्यांनी वडाकडे एकदाही पाहिलं नाही. दूर जाणाऱ्या त्या बैलगाडीकडे बघत त्या रडत होत्या.